पूर्वपक्षाची गैरहजेरी

अमेरिकेच्या राजकीय चर्चेतून सभ्यता नाहीशी झाली, या तक्रारीत एक सुवर्णकाळ गृहीत धरलेला असतो. तो शोधायला गेले की हाती लागते काठी. २२ मे १८५६ रोजी साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी थेट सेनेटच्या सभागृहात, आपल्या जागेवर लिहीत बसलेल्या चार्ल्स समनर यांना काठी मोडेपर्यंत मारले. समनर यांनी गुलामगिरीविरुद्ध केलेले भाषण हे त्याचे कारण. ते भाषणही सौम्य नव्हते. ब्रूक्स यांचे नातलग सेनेटर बटलर यांच्यावर त्यात जिव्हारी लागणारी टीका होती. त्याआधी, १८३६ ते १८४४ या काळात, गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेविनाच बाजूला ठेवण्याची रीत प्रतिनिधिगृहाने पाळली होती. सभागृह शांत राहिले. प्रश्न तसाच राहिला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे जो गदारोळ केला तो सहकाऱ्यांना असभ्यच वाटला असणार. तेव्हा गोड बोलणे हा निकष लावून ऱ्हास मोजता येणार नाही.

अधिक कामाचा निकष आपल्या न्यायशास्त्रात आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: सत्य जाणण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी वितंडा. निवडणुकीत वादाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. तिथे फार तर जल्प होणार. पण जल्पालाही नियम आहेत. हार ठरवणारी जी निग्रहस्थाने न्यायसूत्रांत सांगितली आहेत, त्यांत एक आहे ‘अननुभाषण’. प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला कळले आहे, तीनदा उच्चारले गेले आहे, तरी ज्याला ते परत मांडता येत नाही, तो हरला.

या कसोटीवर १८५८मधील लिंकन-डग्लस वादसभा पाहाव्यात. इलिनॉयमध्ये सात ठिकाणी त्या झाल्या. पहिला वक्ता साठ मिनिटे, दुसरा नव्वद, मग पहिल्याला पुन्हा तीस. या सभांना पवित्र मानण्याची अमेरिकेत रीत आहे, ती मला पटत नाही. डग्लस यांनी वर्णद्वेषाला उघड हात घातला. आणि चार्ल्स्टनच्या सभेत खुद्द लिंकन यांनी गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपला पाठिंबा नसल्याचे सांगून टाकले. तरीही नव्वद मिनिटे उत्तर द्यायचे तर आधीच्या साठ मिनिटांत काय बोलले गेले ते ऐकावेच लागे. फ्रीपोर्टला लिंकन यांनी प्रश्न टाकला: राज्य बनण्यापूर्वी एखाद्या प्रदेशातील लोकांना गुलामगिरी कायदेशीरपणे रोखता येईल का? डग्लस यांनी ‘येईल’ म्हटले. असे उत्तर त्यांनी पूर्वीही दिले होते. पण ते प्रतिपक्षासमोर, भरसभेत दिल्याने दक्षिणेतील डेमोक्रॅट त्यांच्यापासून आणखी दुरावले. सेनेटची जागा त्यांनी राखली, १८६०ची अध्यक्षीय निवडणूक मात्र हरले.

त्याहून बोलका आहे या सभांच्या छापील संहितेचा इतिहास. शिकागोची दोन पक्षांची दोन वृत्तपत्रे लघुलेखक पाठवत. आपल्या नेत्याचे भाषण नीटनेटके छापायचे, दुसऱ्याचे ओबडधोबड, असा परस्परांवर आरोप होता. लिंकन यांनी कात्रणे जमवून चिकटवही केली, आणि १८६०मध्ये ओहायोच्या एका प्रकाशकाने त्यावरून पुस्तक काढले. त्यात लिंकन यांची भाषणे रिपब्लिकन पत्रातून घेतली आहेत, डग्लस यांची मात्र डेमोक्रॅट पत्रातून. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षाला सोयीच्या पाठात! डग्लस यांनी तरीही पुस्तकाविषयी तक्रार केलीच. लिंकन यांचा हेतू अर्थातच राजकीय होता. पण खंडन करायचे तर समोरच्याचा पक्ष पुरता उभा करावा लागतो, ही जाण त्या संपादनात आहे.

ती जाण कुठे सुटली, याचे एकच उत्तर नाही. दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन घालणारे नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील १९४९पासूनचे धोरण १९८७मध्ये रद्द झाले, याकडे बोट दाखवले जाते. पण केबल वाहिन्या मुळात त्या धोरणाच्या कक्षेबाहेरच होत्या. माझ्या मते १९८४चा एक प्रसंग अधिक सांगून जातो. प्रतिनिधिगृहाचे कामकाज १९७९पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागले होते. दिवसाचे काम संपल्यावर सदस्यांना कोणत्याही विषयावर बोलण्याची मुभा असे. न्यूट गिंग्रिच आणि त्यांचे सहकारी त्या वेळी उभे राहून डेमोक्रॅट सदस्यांच्या परराष्ट्रधोरणविषयक मतांवर तुटून पडत. समोर खुर्च्या रिकाम्या. कॅमेरा फक्त वक्त्यावर, त्यामुळे घरच्या प्रेक्षकाला वाटावे की आव्हान दिले आणि कोणी उत्तर देऊ शकले नाही. अध्यक्ष टिप ओ’नील यांनी कॅमेरा सभागृहभर फिरवण्याचा हुकूम दिला. पुढे, गैरहजर माणसांच्या देशनिष्ठेवर शंका घेणे ही आपल्या बत्तीस वर्षांतली सर्वांत हीन गोष्ट आहे, असे ते गिंग्रिच यांना भर सभागृहात म्हणाले. नियमाप्रमाणे ओ’नील यांचेच शब्द वैयक्तिक ठरवून कामकाजातून वगळले गेले. रिकाम्या खुर्च्यांशी ‘वाद’ घालणारा नियमात बसला, आणि त्यावर संतापलेला असभ्य ठरला. गिंग्रिच १९९५मध्ये त्याच सभागृहाचे अध्यक्ष झाले.

अलीकडचे उपाय पाहिले की निदानच चुकल्याची शंका येते. २९ सप्टेंबर २०२० रोजी ट्रम्प-बायडन सभेत कोणाचेच वाक्य पुरे होईना, तेव्हा पुढच्या सभेत एकाच्या दोन मिनिटांच्या पहिल्या उत्तरावेळी दुसऱ्याचा माइक बंद ठेवण्यात आला. जून २०२४मध्ये प्रेक्षकही नव्हते. व्यत्यय थांबला. पण दोन मिनिटांत प्रतिपक्षाचे म्हणणे परत मांडणे शक्यच नसते. उमेदवार आपापले पाठ केलेले तुकडे म्हणून मोकळे होतात. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या ट्रम्प-हॅरिस सभेत ट्रम्प यांची काही विधाने खोटी असल्याचे सूत्रसंचालकांनीच जागच्या जागी सांगितले. ते योग्यच होते. मात्र फ्रीपोर्टला हे काम लिंकन आणि डग्लस यांना परस्परांचे करावे लागले होते, आणि त्यासाठी त्यांना तीन तास मिळाले होते.