कांद्याचा चिनी मालक

२० जुलै २००९ रोजी ‘द ओनियन’ या अमेरिकी विडंबनपत्राच्या वाचकांना कळले, की आपले पत्र विकले गेले आहे. घेणाऱ्या कंपनीचे नाव ‘यू वान मेई अमाल्गमेटेड सॅल्व्हेज फिशरीज अँड पॉलिमर इंजेक्शन’ असे लांबलचक होते. मराठीत सांगायचे तर टाकाऊ मासळी आणि साच्यात ओतलेले प्लास्टिक असा जोडधंदा करणारी चिनी कंपनी. विक्रीची घोषणा केली ती पत्राचे जराजर्जर निवृत्त प्रकाशक टी. हर्मन झ्वायबेल यांनी. कंपनी खोटी आणि प्रकाशकही खोटा. पण आठवडाभर छापील अंकात आणि संकेतस्थळावर नव्या मालकाचीच आरती चालू राहिली. अखेर संपादक जो रँडाझो यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर खुलासा केला, की पत्र अजून अमेरिकी मालकीचेच आहे आणि त्याचे दिवाळेही निघालेले नाही.

हा अंक मी काही वर्षांनी वाचला आणि मनसोक्त हसलो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक प्रश्न पडला. मी नेमका कोणाला हसलो? पत्र विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, की त्या नावातल्या मासळीच्या वासाला? हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

आधी ते वर्ष डोळ्यांसमोर आणायला हवे. डिसेंबर २००८मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फेब्रुवारी २००९मध्ये डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ बंद पडले. मार्चमध्ये ‘सिअॅटल पोस्ट-इंटेलिजन्सर’ने छपाई थांबवली. त्याच जानेवारीत मेक्सिकोच्या कार्लोस स्लिम यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला २५ कोटी डॉलर कर्जाऊ दिले, तर लंडनचे ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ अलेक्झांडर लेबेदेव या माजी केजीबी अधिकाऱ्याने नाममात्र एका पौंडाला घेतले. शिवाय २००८च्या सप्टेंबरात जपानला मागे टाकून चीन अमेरिकी सरकारी रोख्यांचा सर्वांत मोठा परदेशी धारक बनला होता. म्हणजे वर्तमानपत्रे कवडीमोलाने विकली जात होती आणि देश कर्जात होता. चिनी सावकार दारात उभा आहे ही कल्पना ‘ओनियन’ला हवेतून सुचलेली नाही.

या विनोदाचे दोन पदर मला अस्सल उपहासाचे वाटतात. पहिला झ्वायबेल यांचा. या म्हाताऱ्याला ना पत्राचे प्रेम, ना वाचकांचे. गिऱ्हाईक आले आणि त्याने माल विकला. दुसरा पदर अधिक बोचरा. मालक बदलताच एका रात्रीत सगळ्या स्तंभांचा सूर बदलतो आणि कोणी राजीनामा देत नाही. वर्तमानपत्राची भाषा किती चटकन नव्या धन्याच्या चरणी रुजू होते, हे इतक्या कमी जागेत दाखवणारे लेखन मी फारसे वाचलेले नाही.

तिसरा पदर कंपनीच्या नावात आणि धंद्यात आहे. आदल्या दोन वर्षांत शिशाचा रंग लावलेली चिनी खेळणी अमेरिकी दुकानांतून परत मागवली गेली होती, आणि चीनमध्ये मेलामाइन मिसळलेल्या दुधाने हजारो बाळे आजारी पडली होती. ‘पॉलिमर’ हा शब्द त्या आठवणींवर बोट ठेवतो. इथवर ठीक. पण टाकाऊ मासळी? आणि ‘यू वान मेई’ हे नाव, जे इंग्रजी कानाला मोडक्या इंग्रजीतली लाडीगोडी वाटावे असे बेतलेले दिसते? हे हसू चिनी माणसाच्या ताटावर आणि जिभेवर उठवलेले आहे, आणि ते ‘ओनियन’ने निर्माण केलेले नाही. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकी नाटक-सिनेमांतून पडून असलेले ते तयार भांडवल आहे.

हे मला चटकन दिसले याचे कारण मी वाचनालयातली वर्तमानपत्रे आणि शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलो. एका चर्चासत्रात मी एका फ्रेंच लेखकाचे नाव जसे लिहितात तसेच वाचले, तेव्हा मागच्या रांगेत उठलेला हशा अजून आठवतो. माझा मुद्दा काय होता, हे त्यानंतर कोणी विचारले नाही. उच्चाराला हसणाऱ्याचे एक बरे असते, त्याला पुढचे ऐकावे लागत नाही.

आता यातली गंमत पाहा. ‘झ्वायबेल’ हे नाव ‘कांदा’ या अर्थाच्या जर्मन शब्दाची किंचित फिरवलेली जोडणी आहे. ‘ओनियन’ने स्वतःची जी बनावट कुळकथा रचली आहे, तिच्यानुसार पत्राची स्थापना १७५६मध्ये फ्रेडरिक झिगफ्रीड झ्वायबेल या प्रशियातून आलेल्या शेतकऱ्याने केली, आणि त्याला इंग्रजीतले दोनच शब्द येत असल्याने पत्राचे नाव पडले ‘मर्कंटाइल-ओनियन’. (खरी स्थापना १९८८ची, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टिम केक आणि ख्रिस्टोफर जॉन्सन या दोन विद्यार्थ्यांची.) म्हणजे कुळकथेतला मूळ मालकही परदेशीच, आणि त्याचे इंग्रजी दोन शब्दांचे! पण प्रशियाचा शेतकरी काही पिढ्यांत ‘आपला’ झाला. चिनी माणूस अमेरिकेत दीडशे वर्षे राहिला तरी बाहेरचाच. १९८२मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी-अमेरिकी तरुणाला मोटारधंद्यातल्या दोघा गोऱ्यांनी बॅटने मारले, आणि तो त्यात गेला. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात हा राग होता. मारणाऱ्यांना तुरुंगवास झाला नाही, प्रोबेशन आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंडावर सुटले. जपानचा राग चिनी माणसावर निघतो, कारण साचेबद्ध प्रतिमेला तेवढा तपशील परवडत नाही.

यावर कोणी म्हणेल, अहो, एका चेष्टेच्या अंकावर केवढे ओझे टाकता? चीनचे सरकार वर्तमानपत्रांना स्तुतिपाठक बनवते हे काय खोटे आहे? खोटे नाहीच. तो अंक निघण्याच्या दोनच आठवडे आधी, ५ जुलैला, उरुम्चीत दंगल झाली होती. शिंच्यांग प्रांताचे इंटरनेट बंद केले होते आणि ते सुमारे दहा महिने बंद राहिले. सत्तेच्या या सवयीची खिल्ली उडवणे हे विडंबनकाराचे कामच आहे. माझी तक्रार सत्ता आणि माणसे यांच्या सरमिसळीबद्दल आहे. ‘ओनियन’च्या अंकात चिनी माणूस मालक म्हणून येतो, स्तुतिपाठक म्हणून येतो. विनोद करणारा म्हणून तो माझ्या वाचनात कुठे आला नाही.

आणि नेमके त्याच वर्षी चीनमध्ये लोक काय करत होते? २००९च्या सुरुवातीला तिथल्या इंटरनेटवर ‘त्साओ नी मा’ नावाचा एक काल्पनिक प्राणी अवतरला. अक्षरशः अर्थ ‘गवत-चिखल-घोडा’, उच्चार मात्र आईवरच्या एका शिवीच्या इतका जवळचा, की लिहिले तर निर्दोष आणि वाचले तर असभ्य. त्याचा शत्रू ‘नदीतला खेकडा’, कारण चिनीत खेकड्याचा हा शब्द ‘सामंजस्य’ या सरकारी घोषवाक्यासारखा ऐकू येतो, आणि मजकूर कापला गेला की लोक म्हणत, त्याचे ‘सामंजस्य’ झाले. हे घोडे खेकड्यांना हरवतात, अशी बालगीताच्या चालीची गाणी लाखोंनी ऐकली. सेन्सॉरला पकडता येऊ नये म्हणून रचलेला श्लेष! आपल्याकडे शाहिरी वळणाच्या द्व्यर्थी लावण्यांवर वाढलेल्या वाचकाला त्याची लज्जत सांगायला नको. एका बाजूला मासळीची कंपनी, दुसऱ्या बाजूला खेकडा. विनोद म्हणून कोणता अधिक कसलेला, हे वाचकांनीच ठरवावे. मला तर शंका नाही.

चिन्यांना विनोद कळत नाही, या समजुतीला खतपाणी मात्र भरपूर मिळाले. २००२मध्ये बीजिंगच्या एका सायंदैनिकाने ‘ओनियन’ची बातमी खरी समजून छापली: उघडमीट होणारे छत असलेले नवे संसद भवन दिले नाही तर आम्ही वॉशिंग्टन सोडून जाऊ, अशी अमेरिकी काँग्रेसची धमकी. चूक कळल्यावर माफी मागताना दैनिकाने वर ठपका ठेवला, की अमेरिकेतली काही छोटी पत्रे पैशांसाठी खोट्या बातम्या रचतात. मग नोव्हेंबर २०१२. ‘ओनियन’ने किम जोंग उन यांना त्या वर्षीचा सर्वांत आकर्षक पुरुष ठरवले, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’च्या ऑनलाइन आवृत्तीने ते गंभीरपणे घेऊन ५५ छायाचित्रांची मालिकाच प्रसिद्ध केली. ‘ओनियन’ने लगेच आपल्या बातमीखाली ओळ जोडली, की अधिक माहितीसाठी ‘पीपल्स डेली’ पाहा, ती आमचीच एक कम्युनिस्ट उपकंपनी आहे. तीन वर्षांपूर्वी चीनने ‘ओनियन’ घेतले होते, आता ‘ओनियन’ने चीनचे मुखपत्र घेतले. इथे कोणाच्या ताटाला वा जिभेला हात लागलेला नाही. फक्त मालकीचा कागद उलटा धरला आहे. २००९च्या अख्ख्या अंकापेक्षा ही एक ओळ मला सरस वाटते.

मात्र त्यावर जगभर जे हसू झाले त्यात ‘बिचारे चिनी’ हा सूर मोठा होता. सोयीस्कर विसरले गेले ते असे, की नोव्हेंबर २०१०मध्ये ओबामांनी देशाला ७५ हजार शब्दांची वैतागलेली ई-मेल पाठवल्याची ‘ओनियन’ची बातमी ‘फॉक्स नेशन’ने खरी म्हणून दिली होती, आणि फेब्रुवारी २०१२मध्ये लुइझियानाचे एक काँग्रेस सदस्य गर्भपाताच्या आठ अब्ज डॉलरच्या संकुलाची त्यांचीच बातमी संतापाने पसरवत होते. ज्याला जे ऐकायचे असते ते त्याला पटते. त्याला पासपोर्ट लागत नाही.

मालकीच्या विनोदाची परीक्षा कशी करावी? मी एक साधी युक्ती वापरतो: मालक बदलून पाहतो. चिनी कंपनीच्या जागी बोस्टनची कंपनी ठेवली तर विनोद उभा राहतो का? ‘ओनियन’च्या बाबतीत ही परीक्षा इतिहासानेच घेतली. २०१६मध्ये त्याचा ४० टक्के हिस्सा ‘युनिव्हिजन’ने घेतला, आणि २०१९मध्ये ते सगळेच बोस्टनच्या ‘ग्रेट हिल पार्टनर्स’कडे गेले. त्याच शरद ऋतूत या नव्या मालकाच्या दुसऱ्या पत्रात, ‘डेडस्पिन’मध्ये, खेळाखेरीज काही लिहू नका असा हुकूम निघाला आणि साऱ्या लेखकवर्गाने राजीनामे दिले. मालक अस्सल देशी, इंग्रजी निर्दोष, मासळीचा वास नाही. मालकाचा हात पत्रावर पडतो तेव्हा तो कसा पडतो, हे यात चिनी अंकाहून अधिक स्पष्ट दिसले.

आणि खरा झ्वायबेल शोधायचा तर रूपर्ट मर्डोक यांच्याकडे जावे. जन्माने ऑस्ट्रेलियन असलेले हे गृहस्थ दूरचित्रवाणी केंद्रे घेता यावीत म्हणून १९८५मध्ये अमेरिकी नागरिक झाले. १९९३मध्ये त्यांनी ‘स्टार’ घेतले, आणि १९९४मध्ये चीनकडे जाणाऱ्या ‘स्टार’च्या प्रक्षेपणातून बीबीसी काढून टाकले. चीनला त्यासाठी मासळीची कंपनी काढावी लागली नाही. आपल्याकडे वृत्तमाध्यमांत परकी भांडवल २६ टक्क्यांहून अधिक नको हा नियम आल्याने ‘स्टार माझा’ ही मराठी वृत्तवाहिनी भागीदारीत निघाली, आणि २०१२मध्ये ‘स्टार’ बाजूला झाल्यावर ती ‘एबीपी माझा’ झाली. नियम टक्के मोजतो. अंगणात वाकून कोण उभे आहे हे त्याला मोजता येत नाही.

हे सारे लिहिताना घरचे पान मिटून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट १९६०मध्ये ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झाले. मुंबईतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली तिथे छापल्या जात. मराठी तरुणाच्या बेकारीचे दुखणे खरे होते आणि नोकऱ्या कोण देतो हा प्रश्न रास्त होता. पण याद्यांतून घोषणा आल्या, घोषणांत लुंगी आली, आणि दगड पडले ते उडुपी उपाहारगृहांवर. तिथे काम करणाऱ्या पोऱ्याच्या हातात कोणाचीही नोकरी नव्हती. मीही लहानपणी त्या लुंगीच्या विनोदांना हसलो आहे. ‘ओनियन’च्या मासळीकडे बोट दाखवताना ते मला विसरता येत नाही.

२००९चा विनोद जिथे अक्षरशः खरा ठरला ती जागा अमेरिकेत नाही, हाँगकाँगमध्ये आहे. तिथल्या सार्वजनिक नभोवाणीचा ‘हेडलाइनर’ हा उपहासाचा कार्यक्रम १९८९पासून चालू होता. पोलिसांची टिंगल केल्याच्या तक्रारींनंतर नियामकांनी समज दिली आणि जून २०२०मध्ये तो संपला. ‘अॅपल डेली’ जून २०२१मध्ये बंद पडले. ‘मिंग पाओ’त १९८३पासून चित्रे काढणारे व्यंगचित्रकार झुन्झी यांच्या कामावर सरकारी खात्यांनी पुन्हा पुन्हा टीका केली, आणि मे २०२३मध्ये पत्राने त्यांची जागा बंद केली. हे चिनी विनोदकार होते, चिनी वाचकांसाठी चिनी भाषेत सत्तेला हसणारे. त्या मे महिन्यातच हाँगकाँगच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या सूचीतून झुन्झी यांची पुस्तके दिसेनाशी झाली.