खरखरीची वर्गवारी

कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने रेडिओ खगोलशास्त्राचा पाया ‘योगायोगाने’ घातला, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. मीही सांगत असे. डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा मूळ निबंध वाचल्यापासून मात्र तो शब्द वापरायला मन धजत नाही.

बेल प्रयोगशाळेने त्याच्याकडे सोपवलेले काम तसे रूक्षच होते. लघुलहरींवरून चालणाऱ्या दूरध्वनी संभाषणात जी खरखर मिसळते ती कोठून येते, हे शोधायचे. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्याने १४.६ मीटर तरंगलांबीसाठी सुमारे ३० मीटर लांबीची एरियल उभारली. ती मोटारीच्या चाकांवर बसवलेली असे आणि दर वीस मिनिटांत एक फेरी पुरी करी.

निबंधाचे खरे बळ आहे ते खरखरीच्या वर्गवारीत. जवळच्या गडगडाटी वादळांची खरखर हा पहिला गट. दूरच्या वादळांकडून आयनांबरामार्गे वळून येणारी, हा दुसरा. हे दोन्ही चिकाटीने बाजूला काढल्यावर उरली ती एक मंद, अखंड फुसफुस. तिचे मूळ अजून कळलेले नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. पहिले दोन गट ओळखता आले नसते तर तिसरा वेगळा दिसलाच नसता. नशिबाचा वाटा असलाच तर इतकाच, की त्या काळात सूर्यावर डाग कमी होते आणि त्यामुळे आयनांबर या लहरींना बरेचसे पारदर्शक होते.

निबंधात उणिवाही आहेत. फुसफुशीची दिशा सूर्याशी जुळते, असे त्याला वाटले. पण त्याच्याच नोंदींत, जानेवारी-फेब्रुवारीत ती हळूहळू सूर्याच्या पुढे सरकताना दिसते. नाक्षत्र दिवस सौर दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान असतो, हे ठाऊक असलेला वाचक येथे चुटपुटतो. वर्षभराच्या नोंदी हाती आल्यावर, १९३३ च्या निबंधात, त्याने ती दिशा ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर असल्याचे दाखवले. ती आकाशगंगेच्या केंद्राकडची, धनू राशीतली निघाली. तो निबंध अधिक गाजला. विद्यार्थ्यांपुढे ठेवायला मी तरी पहिलाच निवडीन. तो उत्तर माहीत नसताना लिहिलेला आहे.

या तीन गटांत माणसाने निर्माण केलेला गोंगाट मात्र नाही, आणि आज आपल्याला छळतो तो नेमका तोच. मध्यम लहरींवर लावलेला ट्रान्झिस्टर मोबाइलच्या चार्जरजवळ किंवा एलईडी दिव्याजवळ नेऊन पाहा. मग तो जागच्या जागी आडवा फिरवा. आतल्या फेराइट कांडीचे टोक उगमाकडे वळले की खरखर सहसा मंदावते. फिरत्या एरियलने दिशा शोधण्याची ही जान्स्कीचीच रीत.

नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय दुर्बिणीसाठी जागा निवडताना असला गोंगाट कमी असणे हा एक मोठा निकष होता. तेथे मोजल्या जाणाऱ्या रेडिओ स्रोतांच्या तीव्रतेचे एकक आहे ‘जान्स्की’.