चालणारा आणि चालवणारा : तिबेटच्या प्रवासवर्णनांतील कर्तृत्वाचा प्रश्न

१

मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केलेला दिसतो. एक, त्यातील निसर्गचित्रणाच्या व शैलीच्या अंगाने. दुसरे, प्रवासी व्यक्तिमत्त्वाच्या आविष्काराच्या अंगाने. पहिल्या विचारात प्रवासवर्णन ललित निबंधाच्या शेजारी जाऊन बसते. दुसऱ्यात ते आत्मचरित्राचा एक तुकडा ठरते. दोन्ही ठिकाणी एक साधा प्रश्न बाजूला पडतो : प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला कसा? वाट कोणी दाखवली, ओझे कोणी वाहिले, रात्री दार कोणाच्या ओळखीने उघडले, अधिकाऱ्यापुढे कोण बोलले, हा सारा तपशील निव्वळ 'माहिती' म्हणून संहितेच्या कडेला लोटला जातो. हा तपशील प्रवासवर्णनाच्या रूपबंधाचाच घटक आहे आणि निवेदकाच्या 'मी'ची घडण त्यावाचून समजत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी तिबेटची प्रवासवर्णने हेतुतः निवडली आहेत. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण दोनतृतीयांश एवढाच असतो. खालून आलेल्या माणसाचे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही; चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे परकीयांना ही वाट बहुतांशी बंद होती. उंची आणि बंदी या दोन अडथळ्यांमुळे येथे परका प्रवासी स्वतःच्या बळावर फारसा हालचाल करू शकत नाही. इतर देशांच्या वर्णनांत जे परावलंबन झाकून राहते, ते येथे उघडे पडते.

या परावलंबनाचे विश्लेषण करण्यासाठी मराठी व्याकरणातील एक भेद उपयोगी पडतो. 'मूल चालते' आणि 'आई मुलाला चालवते' या दोन्ही वाक्यांत चालण्याची क्रिया मूलच करते. पण दुसऱ्या वाक्यात ती घडवून आणणारी आई कर्तेपदी येते. हे प्रयोजक क्रियापद. 'मी खिंड ओलांडली', 'मी ल्हासाला पोचलो' ही वाक्ये वरवर पाहता स्वायत्त कर्त्याची आहेत. परंतु घटनेच्या पातळीवर त्यांतील कितीतरी वाक्ये मुळात प्रयोजक असतात : प्रवाशाला कोणी तरी चालवलेले असते, पोचवलेले असते. हा प्रयोजक कर्ता वाक्यातून केव्हा आणि कशासाठी गळतो, हे पाहावयाचे आहे.

२

या प्रश्नाला पाश्चात्त्य समीक्षेने स्पर्श केलेला नाही असे नाही. मेरी लुईज प्रॅट यांनी १९९२ च्या 'इंपीरिअल आइज' या ग्रंथात, उंचवट्यावर उभे राहून समोरचा प्रदेश शब्दांनी ताब्यात घेणाऱ्या युरोपीय प्रवाशाचे मार्मिक विश्लेषण केले आहे. विषम सत्तासंबंध असलेले समाज जेथे एकमेकांना भिडतात त्या 'संपर्कक्षेत्रा'ची त्यांची संकल्पनाही सर्वपरिचित आहे. पीटर बिशप यांनी १९८९ साली पश्चिमेच्या कल्पनेने तिबेट हे पवित्र स्थळ कसे रचले, याचा इतिहास मांडला. या विवेचनाचे ऋण मान्य करूनही दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात. येथे विश्लेषणाचा भर पाहणाऱ्या डोळ्यावर आहे. चालणारे पाय आणि त्यांना चालवणारे लोक दुय्यम राहतात. दुसरे असे की, परका प्रवासी म्हणजे साम्राज्याचा प्रतिनिधी हे गृहीत धरले की कुमाऊँचा पंडित, जपानी भिक्षू किंवा हिंदी लेखक यांच्यासाठी या मांडणीत नेमकी जागा सापडत नाही. तिबेटच्या वाटेवर तर अशाच प्रवाशांचे लेखन महत्त्वाचे आहे.

३

प्रथम नैनसिंग रावत यांचे उदाहरण घेऊ. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातील मिलम गावचे नैनसिंग ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर वेषांतर करून निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. त्यांच्या हातातील माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढला जाई. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद होते, आणि उकळत्या पाण्याचे तापमान मोजून त्यांनी ल्हासाची उंची काढली. यात्रेकरूचे चालणे आणि मोजणाऱ्याचे चालणे बाहेरून अगदी एकसारखे दिसावे, अशी ही योजना होती.

या प्रवासाचा वृत्तांत कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला तो तृतीय पुरुषात. चालणाऱ्याचा उल्लेख त्यात केवळ 'पंडित' असा येतो, नाव नाही. वर सांगितलेल्या व्याकरणाच्या दृष्टीने हा वृत्तांत लक्षणीय आहे. नेहमीच्या प्रवासवर्णनात चालणारा प्रवासी ठळक असतो आणि चालवणारा वाटाड्या पुसला जातो. येथे चालवणारे खाते ठळक आहे आणि चालणाराच पुसला गेला आहे. याचा अर्थ असा की कोण गळणार हे त्याच्या व्याकरणिक भूमिकेवर ठरत नाही, सत्तेच्या उतरंडीवरील त्याच्या स्थानावर ठरते.

मात्र एवढ्यावर थांबलो तर निष्कर्ष अर्धवट राहील. नैनसिंगांना पुन्हा तिबेटात जायचे होते. १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे आसामपर्यंत गेलेही. नाव छापून आले असते तर त्यांच्या जिवाला धोका होता. १८७७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना नावानिशी सुवर्णपदक दिले, तेव्हा त्यांचे गुप्त प्रवास संपलेले होते. म्हणजे एकाच अनुल्लेखात वसाहतवादी अधिकार आणि माणसाचे रक्षण या दोन्ही गोष्टी आहेत. संहितेतील प्रत्येक मौनाला दडपशाही म्हणून मोकळे होणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

४

१९२९ साली राहुल सांकृत्यायन नेपाळमार्गे तिबेटात शिरले. हिंदुस्थानी माणसाला मोकळी वाट नव्हती, म्हणून त्यांनी भिकाऱ्याचा वेश घेतला. सोबत होता एक मंगोल भिक्षू; राहुलजी त्याला सुमती म्हणतात. 'ल्हासा की ओर' या पाठामुळे या प्रवासातील काही भाग हिंदीच्या शालेय वाचकांनाही परिचित आहे. त्याच भागाकडे पुन्हा पाहावे.

वाटेवरील गावागावांत सुमतीचे यजमान आहेत. बोधगयेहून आणलेल्या कापडाचे गंडे तो त्यांना वाटतो. ते कापड संपले की दुसऱ्या कोणत्याही कापडाचे गंडे बोधगयेचे म्हणून देतो. राहुलजी हे किंचित मिस्किलपणे सांगतात, पण त्यांच्या प्रवासाचे अर्थकारण या गंड्यांवर उभे आहे, हेही लपवत नाहीत. वाट त्यांच्या जिज्ञासेने आखलेली नाही. ती सुमतीच्या यजमानांच्या घरांमधून जाते. एका गावात सुमतीच्या ओळखीमुळे भिकाऱ्याच्या वेशातही त्यांना चांगली जागा मिळाली. पाच वर्षांनी त्याच वाटेने ते सभ्य प्रवाशाच्या वेशात, घोड्यावर बसून आले, तेव्हा मात्र कोणी आसरा दिला नाही आणि गावातील अगदी गरिबाच्या झोपडीत रात्र काढावी लागली. राहुलजी याचे कारण गावकऱ्यांच्या त्या वेळच्या मनःस्थितीत, संध्याकाळच्या छंगच्या अमलात शोधतात. आपल्या दृष्टीने दुसरे कारणही त्याच मजकुरात आहे : पाच वर्षांनी वेश सुधारला होता, पण सुमती बरोबर नव्हता. प्रवाशाच्या प्रतिष्ठेपेक्षा मध्यस्थाची ओळख दार उघडते, हे विधान राहुलजींनी केलेले नाही. त्यांनी दोन मुक्काम शेजारी ठेवले, आणि ते विधान वाचकाच्या हाती आले.

पुढे त्यांचा घोडा मागे पडतो, ते चुकीच्या वाटेला लागतात आणि उशिरा मुक्कामी पोचतात. वाट पाहणारा सुमती संतापलेला आहे : दोन टोपल्या शेण्या जाळून त्याने तीन वेळा चहा गरम केला आहे. राहुलजी दोष घोड्यावर ढकलतात आणि सुमतीचा राग निवळतो. हा प्रसंग विनोदी म्हणून वाचला जातो. परंतु चालवणाऱ्याने स्वतःच्या श्रमाचा हिशेब स्वतःच्या तोंडाने मांडण्याचे असे स्थळ या वाङ्मयात विरळा आहे. झाडे नसलेल्या त्या पठारावर शेण्यांच्या दोन टोपल्यांना किंमत असते. सुमतीचा राग संहितेत आला आणि त्यासरशी 'मी'ची जागा थोडी सरकली.

राहुलजी स्वतःलाही सूट देत नाहीत. सुमती यजमानांकडे जाऊ म्हणतो तेव्हा उशीर होईल म्हणून ते त्याला अडवतात, ल्हासाला पोचल्यावर पैसे देऊ म्हणतात. पुढे शेकरच्या विहारात कंग्युरच्या हस्तलिखित पोथ्या हाती लागल्यावर सुमती पुन्हा जाऊ म्हणतो, तेव्हा मात्र ते अडवत नाहीत. आता त्यांनाच थांबायचे आहे. विद्वानाच्या सोयीनुसार सोबत्याची गरज मान्य किंवा अमान्य होते. हे निवेदकाच्या उणिवेचे चित्रण आहे, आणि ते निवेदकानेच केले आहे.

याच्या शेजारी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांचे १९२७ चे पुस्तक ठेवले तर फरक ध्यानात येतो. १९२४ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, भिकारणीच्या वेशात त्या ल्हासाला पोचल्या. बरोबर योंगदेन हा तरुण सिक्किमी लामा होता. तो मुलगा आणि त्या त्याची वृद्ध आई, असे सोंग होते. भीक मागणे, भविष्य सांगणे, अडवणाऱ्यांना उत्तरे देणे हे बहुतांशी योंगदेन करतो. योंगदेन पुसला गेला आहे असे म्हणता येणार नाही. तो पानोपानी आहे. बर्फात त्याचा पाय मुरगळतो त्या प्रसंगी तर सारा प्रवास त्याच्या पावलावर अडून राहतो. परंतु तो जे करतो ते आपल्याला कळते. त्याला या प्रवासाचे काय वाटते ते क्वचितच कळते. मूळ फ्रेंच शीर्षकात प्रवास एका पॅरिसवासिनीचा आहे. योंगदेनला क्रियापदे मिळाली. दृष्टिकोन मिळाला नाही.

५

आतापर्यंतचा विचार चालवणाऱ्याच्या श्रेयापुरता होता. तिबेटच्या संदर्भात प्रश्न त्याहून गंभीर आहे. शरच्चंद्र दास १८७९ मध्ये ताशिल्हुन्पोला आणि दुसऱ्या प्रवासात, १८८२ साली, ल्हासाला गेले. उग्येन ग्यात्सो यांची सोबत आणि ताशिल्हुन्पोच्या सेंगचेन लामांचा आश्रय यांवर हे प्रवास घडले. सेंगचेन लामांना पाश्चात्त्य विद्यांविषयी कुतूहल होते. दास ब्रिटिशांसाठी माहिती गोळा करत होते हे पुढे उघड झाले. दास दार्जिलिंगला सुरक्षित होते. ज्यांनी त्यांना आसरा दिला ते तुरुंगात गेले, आणि सेंगचेन लामांना १८८७ मध्ये नदीत बुडवून देहदंड देण्यात आला. दासांचे प्रवासवर्णन रॉकहिल यांच्या संपादनाने १९०२ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. आज ते वाचताना सेंगचेन लामांच्या आतिथ्याचे प्रसंग त्यांच्या शेवटापासून वेगळे काढता येत नाहीत. प्रवाशाची कथा परतीने पूर्ण होते. यजमानाची कथा त्यानंतर सुरू होते आणि ती त्या पुस्तकाच्या घाटात मावत नाही.

जपानी भिक्षू एकाई कावागुची यांना ही हकिकत ठाऊक होती; त्यांनी ती आपल्या 'थ्री यिअर्स इन तिबेट' (१९०९) या ग्रंथात सांगितली आहे. १९०२ साली तेही उघडकीस आले आणि निसटले. आपल्या मित्रांना कैद झाल्याचे कळल्यावर ते नेपाळात गेले आणि चंद्र शमशेर यांच्यामार्फत दलाई लामांकडे त्या मित्रांसाठी अर्ज धाडला. त्यामुळे त्यांच्या पुस्तकाचा शेवट सीमा ओलांडण्यापाशी होत नाही. मागे राहिलेल्यांची चिंता कथानकाचा भाग होते. हा नैतिक फरक तर आहेच. पण तो रचनेचाही फरक आहे, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे.

६

आज वेषांतराची जागा परवान्याने घेतली आहे. परदेशी प्रवाशाला तिबेटचा प्रवासपरवाना संस्थेमार्फतच काढावा लागतो. मार्ग आधी ठरतो, वाटाड्या आणि वाहन ठरते. १ जुलै २००६ रोजी सुरू झालेली रेल्वे ५,०७२ मीटरवरील तांगुला खिंड जादा प्राणवायू पुरवलेल्या डब्यातून पार करवते. प्रयोजक क्रिया आता शासकीय झाली आहे. परिणामी अलीकडच्या वर्णनांचा सूर बदलतो : 'मी गेलो'च्या जागी 'आम्हांला नेण्यात आले' येते, आणि वाटाड्या हा बहुधा पाठांतर सांगणारा, प्रश्न टाळणारा इसम म्हणून रेखाटला जातो. त्याच्या टाळण्याचा अर्थ लावण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. प्रवाशाच्या वागण्याचा जाब त्यालाच विचारला जाऊ शकतो, आणि प्रवासी परतल्यावर तो तेथेच राहणार आहे. तो खासगीत जे बोलला ते छापणे हे धैर्य नव्हे. त्याची किंमत दुसरा मोजत असतो.

आपल्याकडील कैलास-मानसरोवराच्या वर्णनांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १९८१ पासून चाललेली, २०२० मध्ये खंडित झालेली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेली ही यात्रा मराठी वाचकाला दूरची नाही. 'बोलावणे आल्याशिवाय जाता येत नाही' हे उद्गारही ओळखीचे आहेत. संतपरंपरेने चालवण्याचे कर्तृत्व देवाकडे सोपवले. त्यात 'मी'च्या विसर्जनाची साधना आहे. परंतु डोल्मा-ला खिंडीच्या चढावर देवाने चालवले असे लिहिताना लगाम धरणारा घोडेवाला आणि पाठीवर सामान घेणारा हमाल वाक्यातून गळत असतील, तर विसर्जन 'मी'चे न होता त्यांचे होते.

येथवरच्या विवेचनातून मौनाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक पुसून टाकणारे मौन : त्यात प्रयोजक कर्ता होता याची खूणही उरत नाही. दुसरे राखणारे मौन : त्यात नाव, गाव, बोलणे दडवलेले असते, पण कोणी तरी होता आणि त्याच्यासाठी काही सांगायचे टाळले आहे, हे वाचकाला जाणवते. पहिल्याची झडती समीक्षेने घ्यावी; दुसऱ्यापाशी तिने थांबावे. दोहोंतील भेद लेखकाच्या हेतूवरून ठरवणे कठीण आहे. तो वाक्यांत शोधावा लागेल : गतीच्या क्रियापदांचे कर्ते कोण आहेत, थांबण्याचा निर्णय कोणाचा आहे, निवेदकावर रागावण्याची मुभा संहितेत कोणाला आहे, आणि प्रवासी परतल्यानंतर मजकूर कोणाची आठवण ठेवतो.

या कसोट्यांवर राहुलजींचे साधे, घाईत लिहिल्यासारखे वाटणारे गद्य अनेक शैलीदार वर्णनांहून सरस ठरते. तेथील शेण्यांच्या दोन टोपल्यांचा हिशेब तिबेटच्या निसर्गवर्णनाइतकाच काळजीपूर्वक वाचला गेला पाहिजे.