रंग गेला, नाव उरले

इंधनघटात महागड्या प्लॅटिनमऐवजी रंजके चालतात, असे विधान विज्ञानविषयक लेखांत वरचेवर आढळते. त्याचे मूळ जुने आहे. कोबाल्ट थॅलोसायनीन अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनचे क्षपण घडवून आणते, हे रेमंड जासिन्स्की यांनी १९६४ साली दाखवले. (छपाईच्या शाईतला निळा रंग याच कुळातला, त्याच्या मध्यभागी तांबे असते.) १९७६ साली यान्के व सहकाऱ्यांनी या विषयाचा मोठा आढावा लिहिला आणि शीर्षकातच 'सेंद्रिय रंजके' हे शब्द घातले.

हे शब्द आम्हाला खटकतात. आम्लात ही संयुगे नीट टिकत नाहीत, म्हणून ती कार्बनवर बसवून निष्क्रिय वायूत सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढ्या तापमानाला रेणूचे वलय मोडते. उरतो तो कार्बन, नायट्रोजन व धातू यांचा काळा भुगा. त्याला रंजक म्हणणे म्हणजे कोळशाला लाकूड म्हणणे!

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. मिथेनॉलच्या घटाविषयी वाचताना विद्यार्थ्याला वाटते, की रंजकच अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करते. ते काम सहसा प्लॅटिनम-रुथेनियमकडे असते. रंजकाची जागा पलीकडे, ऑक्सिजनच्या बाजूला. पटलातून झिरपून आलेल्या मिथेनॉलवरही तिथले प्लॅटिनम क्रिया करते आणि घटाचे विभवांतर कमी होते. कोबाल्टचे वा लोहाचे हे उत्प्रेरक मात्र मिथेनॉलकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांचा खरा गुण हाच, आणि लेखांतून नेमका तोच गळतो. फळ्यावर आकृती काढताना दोन्ही इलेक्ट्रोडांपाशी उत्प्रेरकांची नावे वेगवेगळी लिहावीत.