मराठी ग्रंथचित्रकला : पासोडीपासून ऑफसेटपर्यंत

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला जपून ठेवलेली दासोपंतांची पासोडी हा मराठीतला सर्वांत विलक्षण सचित्र ग्रंथ म्हणावा लागेल. थंडीत अंगावर घ्यायचे ते जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. त्यावर दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरण ओव्या आणि आकृत्यांतून मांडले. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो, हा विषय नुसता ऐकून ध्यानात राहणे कठीण. आकृतीत मात्र एका तत्त्वाचा दुसऱ्याशी असलेला संबंध डोळ्यांपुढे उभा राहतो. इथे चित्र ही मजकुराची सजावट नाही. तो मजकुराचाच भाग आहे. बिदर सोडून माहूर, मग गोदाकाठचे राक्षसभुवन अशी वाट चालत दासोपंत अंबाजोगाईला स्थिरावले. न. शे. पोहनेरकरांनी पासोडीचे संपादन केल्यामुळे ती अभ्यासकांपर्यंत पोहोचली. तरी पानापानांत तुटलेल्या छापील ओळींतून त्या सलग कापडाची कल्पना येत नाही. ती प्रत्यक्ष पाहावी लागते.

पासोडी टिकली याला कारण आहे. लिहिणारा आणि आखणारा एकच होता, त्याचे नाव संत म्हणून पूजले गेले आणि त्याच्या हातची वस्तूही त्या श्रद्धेने सांभाळली गेली. छपाई आल्यावर ही जोडी फुटली. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर निघालेल्या सचित्र पोथ्यांत ग्रंथकर्त्याचे आणि छापखान्याचे नाव ठळक असे. शिळेवर चित्र उतरवणारा बहुधा निनावीच राही. पुरातत्त्वाच्या अहवालांचीही तीच गत. जेम्स बर्जेसचा बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन वास्तूंवरचा अहवाल १८७८मध्ये निघाला. तो आजही बर्जेसच्या नावानेच ओळखला जातो. उन्हातान्हात लेण्यांची मापे घेऊन आराखडे काढणाऱ्यांची आठवण कोणी काढत नाही.

नावानिशी पुढे आलेला पहिला मोठा मराठी ग्रंथचित्रकार म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). कोल्हापूरचे धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकाला (१९१२) आणि सी. ए. किंकेड यांनी इंग्रजीत नेलेल्या आपल्या वारांच्या कहाण्यांना (१९१४) त्यांची चित्रे आहेत. पदर कसा घेतला आहे, डोईवरचे ओझे कोणत्या बाजूला झुकले आहे, पागोटे कोणत्या जातीचे, हे धुरंधर चुकवत नाहीत. त्या काळचे रस्ते आणि माणसे ज्यांना पाहायची आहेत, त्यांना ही पुस्तके उत्तम प्रवासवर्णनासारखी उपयोगी पडतात. पण ही उत्तम पुस्तकचित्रे इंग्रजी वाचकांसाठी होती. ज्यांच्या घरी त्या कहाण्या श्रावणात सांगितल्या जात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती दिसली असतील. ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मराठी वाचकाच्या घरात चित्र खऱ्या अर्थाने शिरले ते दिवाळी अंकांबरोबर. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही गोव्याचे. दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तली त्यांची चित्रे पाहत कितीतरी मुले ते जाडजूड पुस्तक वाचायला शिकली. मुळगावकरांनी देवादिकांच्या चित्रांबरोबर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही केली. समीक्षकांनी त्यांच्या गोडव्याला नाके मुरडली; त्यात तथ्य होते, पण रंगांवरची त्यांची हुकमत पुरेशी नोंदवली गेली नाही. निजामी राजवटीतल्या बीड-अंबाजोगाईकडे मराठी पुस्तके मुंबई-पुण्याहून येत. दूरच्या वाचकापुढे आधी येई ते मुखपृष्ठ.

प्रवासाच्या पुस्तकांत रेखाटनाची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते ती पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०). चित्रे शि. द. फडणीसांची. बोलक्या शीर्षकाविना हसवणारे व्यंगचित्र हे त्यांचे बलस्थान. ‘मोहिनी’ मासिकाच्या १९५२च्या गाजलेल्या मुखपृष्ठावर शेजारी उभ्या दोघांपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरे, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, एवढ्यात गोष्ट पुरी होते. तीच काटकसर प्रवासाच्या चित्रांत उपयोगी पडते. परदेशी गोंधळलेला प्रवासी रेषेत सापडतो, कारण रेषा नको ते गाळते. छायाचित्र हवे-नको सगळेच घेते. त्या सफरी करण्याची ऐपत नसलेल्या वाचकांनीही त्या जणू आपल्याच म्हणून आठवणीत ठेवल्या, यात लेखकाइतकाच चित्रकाराचा वाटा आहे. ‘बटाट्याच्या चाळी’ला लाभलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) याच तोडीचे. आजच्या बहुतेक प्रवासवर्णनांत मधोमध गुळगुळीत कागदावर रंगीत फोटोंची आठ पाने असतात. माहिती मिळते, चेहरा मिळत नाही.

लेटरप्रेसच्या काळात प्रत्येक चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे आणि त्याचे पैसे मोजावे लागत. म्हणून चित्रे थोडी, पण विचार करून घेतलेली असत. ऑफसेटने ती अडचण संपवली. चित्रे स्वस्त झाली, तशी आतली रेखाटने मात्र विरळ होत गेली. सगळा खर्च मुखपृष्ठावर होतो आणि अनेकदा तेही संगणकावरचे तयार चित्र असते. रविमुकुल, चंद्रमोहन कुलकर्णी यांच्यासारख्यांनी मुखपृष्ठाला स्वतःची ओळख दिली. पण एकदोघांच्या गुणांवर एखादी कला उभी राहत नाही.

चित्रकारांच्या विस्मरणाचे मूळ ग्रंथालयाच्या टेबलावर सापडते. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत यांना रकाने असतात, चित्रकाराला नसतो. पुस्तक खिळखिळे झाले की बाइंडिंगला जाते, मुखपृष्ठ निघते, रेक्झिन चढते आणि पाठीवर क्रमांक पडतो. नव्या आवृत्तीत प्रकाशक मुखपृष्ठ बदलतो, कधी आतली चित्रेही गाळतो. अशा वेळी जुन्या चित्रकाराचा एकमेव पुरावा म्हणजे ती फाटकी पहिली आवृत्ती, आणि रद्दीत पहिल्यांदा तीच जाते.

शोध मात्र सुरू झाला आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८मध्ये धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले. १९६७मध्ये स्थापन झालेल्या, शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या ‘बालभारती’ने आपल्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे १९७१पासूनचे अंक इंटरनेटवर खुले केले आहेत. बीडसारख्या जिल्ह्यात हे विशेष महत्त्वाचे, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक कुटुंबांत पाठ्यपुस्तक हेच घरातले एकमेव सचित्र पुस्तक असते. त्यातले चित्र पन्नाशीतही डोळ्यांपुढे येते. चित्रकाराचे नाव तेवढे आठवत नाही, जरी ते आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘किशोर’चे जुने अंक वर्ष आणि महिन्यानुसार पाहता येतात. त्यांची चित्रकारवार सूची होणे हे पुढचे काम. ते कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे.