तबकडीवरचे ३०० मीटर

रोलेक्स सबमरीनर हे पाणबुड्यांसाठी बनविलेले घड्याळ १९५३ सालचे. त्याच्या नकला आज इतक्या सफाईदार निघतात, की त्यांच्या घडणीची चिकित्सा हा काही हौशी मंडळींचा छंदच झाला आहे. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली पाहायची, घड्याळ तोलायचे, काचेभोवतीचे कडे फिरवून त्याची टकटक ऐकायची आणि नक्कल अस्सलाच्या किती जवळ गेली त्याचे गुण द्यायचे. या मूल्यमापनात मेहनत असते, बारकावाही असतो. पण ते शास्त्रीय असते का? मोजमाप शिकविणाऱ्या शिक्षकाने हा प्रश्न विचारायलाच हवा.

नकलांच्या बाजूचे आधी सांगू. ज्वाळेत कृत्रिम नीलम तयार करण्याची व्हर्न्युई यांची पद्धत १९०२ सालापासून माहीत आहे. त्यामुळे मोहच्या काठिण्यश्रेणीत ९ वर असलेली, सहसा ओरखडा न पडणारी काच आता दुर्मिळ राहिलेली नाही. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे पोलाद अतिशय अचूक कातू शकतात. तेव्हा चांगल्या नकलेचे बाह्यांग खरोखरच नेटके असू शकते, हे मान्य करायला हरकत नाही.

मात्र बाह्यांगाच्या बाबतीतही डोळ्यांवर किती विसंबावे याला मर्यादा आहे. रोलेक्स ९०४ एल जातीचे पोलाद वापरते. इतर बहुतेक पोलादी घड्याळांत ३१६ एल असते. पहिल्यात मॉलिब्डेनम ४ ते ५ टक्के, तर दुसऱ्यात २ ते ३ टक्के असते. खाऱ्या पाण्यात पोलादाला बारीक खड्डे पडण्याची क्रिया मॉलिब्डेनममुळे रोखली जाते. परंतु दोन्ही पोलादांना चुंबक जवळजवळ आकर्षित करीत नाही. केवळ चकाकीवरून त्यांची जात सांगणे हा अंदाज झाला. खात्रीसाठी रासायनिक पृथक्करणच हवे.

आता मुख्य मुद्दा. तबकडीवर '३०० मीटर' असे छापलेले असते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे ३०० मीटरवर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतका होतो. काच ३० मिलिमीटर व्यासाची धरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर येते. अशा काचेवर २१० किलोग्रॅमचा भार पडेल, जणू तीन प्रौढ माणसे तिच्यावर उभी आहेत! पाणी आत शिरू न देण्याचे काम काच, चावीची गुंडी आणि मागचे झाकण यांच्या कडेच्या रबरी वॉशरांचे. मूल्यमापन करणाऱ्याला ते बाहेरून दिसतच नाहीत.

म्हणूनच पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार जलरोधाची चाचणी नमुन्यादाखल निवडलेल्या घड्याळावर न करता प्रत्येक घड्याळावर करावी लागते, तीही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली. शिवाय घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. आत ओलावा शिरला असेल, तर थंड झालेल्या काचेच्या आतल्या बाजूला बाष्प साचून ती धुरकट होते.

नकलेवरचे ३०० हा अशा चाचणीचा निष्कर्ष नसतो. ती अक्षरांसारखीच उतरवून घेतलेली आकृती असते. काही जण नक्कल घड्याळजीकडे नेऊन ५ वातावरणांच्या दाबाखाली तपासून घेतात आणि 'पास' म्हणून कळवतात. या चाचणीवरून ३० वातावरणांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या नगाबद्दलही ती मौन पाळते.

कड्याचेही तसेच. ते एकाच दिशेने फिरते, कारण धक्का लागून सरकले तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. पाणबुड्या त्यामुळे फार तर लवकर वर येईल. आज पाणबुडे बहुधा मनगटी संगणक वापरतात, पण तो बंद पडला तर हेच कडे उपयोगी पडते. ते उलटे सरकते का, हे पाहण्याऐवजी त्याच्या आवाजाला गुण देणे म्हणजे उत्तर न वाचता हस्ताक्षर तपासणे होय.

अस्सल घड्याळाच्या किमतीत नावाचा वाटा मोठा असतो, हा नकलांच्या समर्थकांचा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त घड्याळात आहे. जपानच्या सेइकोने १९६५ सालीच पाणबुड्यांसाठी १५० मीटरचे घड्याळ आणले. ते निकामी ठरले तर कोणाला जाब विचारायचा हे गिऱ्हाइकाला ठाऊक होते. नक्कल करणारा आपले नावच लपवितो. मग त्याच्या आकड्याची जबाबदारी कोणी घ्यायची?

थेंबाची चाचणी वर्गात सहज दाखविता येईल. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत पाण्याचे चार थेंब टाका, दुसरी पूर्ण कोरडी ठेवा. दोन्ही घट्ट बंद करून कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा. मग बाहेर काढून पुसा आणि प्रत्येकीच्या बाजूला बर्फाचा खडा टेकवा. कोणती बरणी आतून धुरकटते ते विद्यार्थ्यांनाच पाहू द्या. त्यानंतर घरातल्या एखाद्या वस्तूवर छापलेला आकडा त्यांना शोधून आणायला सांगा आणि विचारा : हा कोणी तपासला, कसा तपासला आणि किती नगांवर?