अब्रूपायी

पोलीस भ्रष्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालून सरकणारं पाकीट येतं. खून पचला, म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले, हा आपला सरळ हिशेब. डॅनियल मॉर्गन खून प्रकरणाचा चौकशी अहवाल वाचताना हा हिशेब अपुरा पडतो.

मॉर्गन लंडनमधला खासगी गुप्तहेर. 10 मार्च 1987 रोजी सिडनहॅममधल्या एका पबच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत, कुऱ्हाडीने त्याचा खून झाला. त्या जागेची झडती झाली नाही, पहाराही ठेवला नाही. सगळ्या संशयितांना ‘त्या रात्री तुम्ही कुठे होता?’ एवढंही कुणी विचारलं नाही. पहिल्या तपासातला एक अधिकारी मुख्य संशयिताचा दोस्तच होता. पुढे तो पोलिसातून बाहेर पडला आणि मयताच्या जागी त्याच धंद्यात भागीदार झाला! नंतर तपासांवर तपास झाले. 2011 मध्ये खटला कोसळला. आजवर शिक्षा कुणालाच नाही.

नुआला ओ'लोन यांच्या समितीचा बाराशेहून अधिक पानांचा अहवाल 2021 मध्ये आला. त्यातलं मोलाचं काय, तर भ्रष्टाचाराची व्याख्याच त्यांनी रुंदावली. खात्याचं नाव राखण्यासाठी चुका झाकणं, नाकारत राहणं, हाही संस्थात्मक भ्रष्टाचारच, असं समितीने म्हटलं.

माझी तक्रार आहे ती इथेच. लाच आणि झाकपाक या दोन्हींना एकच शब्द लावला, की खात्याला पळवाट मिळते. झालंही तसंच. आयुक्त क्रेसिडा डिक यांनी कुटुंबाची माफी मागितली, पण तो शिक्का काही मान्य केला नाही. वाद शब्दावर गेला, खून राहिला बाजूला.

आम्हा जैनांच्या घरी लहानपणीच चार कषाय पाठ होतात: क्रोध, मान, माया, लोभ. लाच हा लोभ. पण खात्याची अब्रू जपणं हा मान, आणि त्यासाठी केलेलं कपट ही माया. हे वेगळं मोजायला हवं. लोभाला सापळा लावता येतो, नोटांना पावडर लावून हात रंगेल पकडता येतात. मानाला कसला सापळा? एका पैशालाही न शिवणारा अधिकारी खात्याच्या नावासाठी जुनी फाईल मिटून ठेवतो, आणि त्याला रात्री झोपही लागते.

नुकसानही मानाचंच मोठं. लाचखाऊ माणूस एक तपास बिघडवतो. मान त्यानंतरचे सगळे बिघडवतो. कारण खुनी शोधायचा तर नव्या पथकाला आधी जुन्या सहकाऱ्यांनाच पिंजऱ्यात उभं करावं लागतं. ते टाळण्यात वर्षं जातात, साक्षीदार विसरतात, मरतात.

मॉर्गनचा भाऊ अ‍ॅलेस्टर सगळी उमेद यात घालवून लढला. 2023 मध्ये पोलिसांनी जबाबदारी कबूल केली, भरपाईही ठरली. पण पहिल्या रात्री जी जागा कुणी तपासलीच नाही, ती छत्तीस वर्षांनी कोण तपासणार?